गाडीतला गॅस जातो कुठे?

आम्ही दोघी जावा, राहणार वाशी, सेक्टर ९. आमच्यातली थोरली शाळेत शिकवते, धाकटी घरून डबे करते. दोघीही गाडी चालवतो. आज बोलायचं आहे ते गाडीच्या एसीबद्दल. आम्ही मेकॅनिक नाही हे आधीच सांगतो. पण दोन उन्हाळे एका जुन्या गाडीनं आम्हाला जे शिकवलं, ते तुम्हाला पैसे न मोजता मिळावं म्हणून हा खटाटोप.

गाडी २००९ सालची, छोटी, पेट्रोलवर चालणारी. पंधरा वर्षं झाली तेव्हा फिटनेस करून, हरित कर भरून तिचं आरसी पुढच्या पाच वर्षांसाठी नवं करून घेतलं. विकावी असं घरात कितीदा तरी निघालं. पण आमच्या सासूबाईंचं डायलिसिस आठवड्यातून तीन दिवस असतं, तेही खाडीपलीकडे, चेंबूरला. रिक्षा तिथवर जात नाही आणि रोज टॅक्सी परवडत नाही. म्हणून गाडी राहिली.

डायलिसिसच्या माणसाला आपल्यासारखं घटाघटा पाणी पिता येत नाही. दिवसाचं पाणी मोजून द्यावं लागतं. डायलिसिस करून बाहेर आलं की बरेचदा बीपी खाली गेलेलं असतं, अंगात त्राण नसतं. अशा माणसाला दुपारी दीड वाजता, एप्रिलच्या उन्हात, मानखुर्दच्या रांगेत बंद पत्र्यात बसवायचं. वाशीच्या नाक्यावर छोट्या गाड्यांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून टोल माफ झाला, पण मानखुर्दची रांग काही माफ झाली नाही. एका दुपारी त्या रांगेत आईंनी मान टाकली. ओला रुमाल, खिडक्या उघड्या, दोन मिनिटांत त्या शुद्धीवर आल्या. पण ती दोन मिनिटं आम्हाला अजून आठवतात. आपल्याकडे पारा नागपूरइतका चढत नाही, म्हणून आपण गाफील राहतो. खारघरला १६ एप्रिल २०२३ ला उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघातानं माणसं दगावली, ती याच आपल्या दमट हवेत.

तर तेव्हा एसी चालू होता. चालू होता, पण लेचापेचा.

त्याच संध्याकाळी आम्ही गाडी गॅरेजला नेली. कुठलं गॅरेज ते विचारू नका. मुलानं बॉनेट उघडलं, एका पाइपला हात लावला आणि म्हणाला, "वहिनी, गॅस कम हो गया है, भर देता हूँ." अर्ध्या तासात काम झालं, १,८०० रुपये झाले. घरी येताना एसी मस्त गार लागला. आम्ही खूश. पुढच्या डायलिसिसला मानखुर्दला पुन्हा तेच. दुसऱ्या गॅरेजला गेलो. तिथंही "गॅस कम". २,२०० रुपये. पुन्हा संध्याकाळी गार, दुपारी तेच. दोन्ही वेळा गार वाटलं ते संध्याकाळ होती म्हणून, हे कळायला आम्हाला महिना लागला.

आता तो गॅस म्हणजे काय ते बघू, कारण सगळी गफलत त्या शब्दात आहे. आपल्याला गॅस म्हटलं की सिलेंडर आठवतो. चूल पेटली, गॅस जळला, संपला, नवा आणला. गाडीच्या एसीतला गॅस जळत नाही, खर्चही होत नाही. तो बंद नळ्यांमध्ये गोल गोल फिरत राहतो. आपला घरचा फ्रीज आठवा. दहा-पंधरा वर्षांत कितीदा गॅस भरला? बहुतेकींचं उत्तर एकदाही नाही असंच असेल. गाडीत फरक एवढाच की गाडी हादरते, तिच्यात रबरी नळ्या असतात, कॉम्प्रेसरच्या दांड्याला रबरी सील असतं, त्यामुळे वर्षानुवर्षांत थोडासा गॅस झिरपतो. पण दर उन्हाळ्याला भरावा लागत असेल, तर तो संपत नाहीये, कुठून तरी गळतोय. आणि गळती न शोधता नुसता गॅस भरायचा म्हणजे तळ गळक्या कळशीत पाणी ओतण्यासारखं आहे.

गारवा येतो कसा? भराभर गॅस वापरला जात असेल तेव्हा सिलेंडर बाहेरून गार लागतो, त्याच्यावर दव साठतं, पाहिलंय ना? आतल्या द्रवाची वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. एसीत हेच मुद्दाम घडवून आणतात. डॅशबोर्डच्या आत एक जाळीदार कॉइल असते, गॅरेजवाले तिला कूलिंग कॉइल म्हणतात. तिच्यात द्रवाची वाफ होते, कॉइल गार पडते, ब्लोअर त्या कॉइलवरून हवा आपल्याकडे फेकतो. मग ती वाफ इंजिनजवळच्या कॉम्प्रेसरमध्ये जाते. तो तिला दाबतो आणि दाबली की ती चांगलीच तापते. ही तापलेली वाफ गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये जाते. तिथं बाहेरची हवा लागून तिची उष्णता बाहेर पडते, तिचा पुन्हा द्रव होतो आणि तो पुन्हा आत येतो. म्हणजे एसी गारवा तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. आत उचलायला जमलं नाही तरी एसी लेचापेचा आणि बाहेर टाकायला जमलं नाही तरी लेचापेचा. आमचं दुसरंच होतं.

पण आधी पहिला प्रश्न, जो दोन्ही गॅरेजवाल्यांनी विचारलाच नाही आणि आम्हालाही सुचला नाही. झरोक्यातून हवा कमी येतेय, की हवा भरपूर येतेय पण गार नाही? दोन्हीला आपण "एसी लागत नाही" म्हणतो. रोग मात्र वेगळे.

हवाच कमी येत असेल तर गॅसचा संबंध बहुधा नसतो. केबिन फिल्टर बघा. डाव्या बाजूच्या खणामागे तो असतो, बऱ्याच गाड्यांत खण काढला की हातानं निघतो. आमचा काढला तेव्हा तो फिल्टर आहे की गोधडीचा तुकडा, हे ओळखू येईना. काही जुन्या गाड्यांत जागा असते पण फिल्टर बसवलेलाच नसतो. मग सगळी धूळ थेट कूलिंग कॉइलवर जाऊन बसते आणि ती साफ करायची तर काम मोठं होतं. आपल्या वाशीत अजून एक गंमत आहे. सेक्टरांमधल्या रस्त्यांवर गुलमोहर आणि रेन ट्रीची दाट सावली. सावलीला गाडी लावावी, हे बरोबरच. पण ती बारीक बारीक पानं वायपरच्या खालच्या जाळीत पडतात, पहिल्या पावसात कुजतात आणि हवेची वाट अडवतात. आठवड्यातून एकदा हातानं काढली तरी पुरतं. उंदरांनी तिथं घरटं केल्याचंही आमच्या सोसायटीत घडलंय. तेव्हा एसीतून वास का येतो याचं उत्तर आम्हाला फारच जिवंत स्वरूपात मिळालं.

ब्लोअर एक-दोन-तीनवर चालत नाही आणि चारवर एकदम सुटतो, असं असेल तर रेझिस्टर नावाचा छोटा भाग गेलेला असतो. काम स्वस्त आहे. आणि तासभर छान गार, मग हळूहळू हवाच येईनाशी, थोडा वेळ एसी बंद ठेवला की पुन्हा ठीक, हे लांबच्या प्रवासात होतं. तेव्हा कॉइलवर बर्फ धरतोय असं समजा. एसीचं बटण बंद करून नुसता ब्लोअर दहा मिनिटं चालू ठेवा, बर्फ वितळतो. दुरुस्ती मात्र करून घ्यावी लागते, कारण कॉइलचं तापमान सांगणारा सेन्सर किंवा थर्मोस्टॅट बिघडलेला असू शकतो, फिल्टर तुंबलेला असू शकतो किंवा गॅस कमी असू शकतो.

आता हवा भरपूर पण गार नाही, हा प्रकार. आधी अगदी साध्या गोष्टी. गरम-थंडचा खटका पूर्ण निळ्याच्या टोकाला आहे ना? जुन्या गाडीत त्याची तार सैल होते, मग खटका निळ्यावर दिसतो पण आत हीटरची गरम हवा मिसळत राहते. दुसरं, हवा आतलीच फिरवण्याचा खटका, ज्याच्यावर गाडी आणि तिच्या पोटात वळलेला बाण असतो, तो लावला आहे ना? मुंबईच्या दमट हवेत हे फार महत्त्वाचं. बाहेरची ओली हवा सतत आत घेतली तर एसीची बरीच ताकद तिच्यातलं पाणी काढण्यातच जाते. ते पाणी गाडीखाली ठिबकतं. म्हणून मे महिन्यात एसी चालू ठेवून गाडी उभी केली आणि खाली थेंब पडताना दिसले, तर कॉइल गार पडतेय असं समजायला हरकत नाही. काहीच ठिबकत नसेल तर कॉइल गार पडत नाहीये किंवा पाण्याची नळी तुंबली आहे. तुंबली असेल तर डाव्या बाजूच्या पायाखालची चटई ओली होते.

मग कॉम्प्रेसर लागतोय का ते ऐका. गाडी सुरू करून एसीचं बटण दाबलं की "टक" असा आवाज येतो आणि इंजिनाचा सूर जरा बदलतो. आवाज नाही, सूरही तोच, तर फ्यूज, रिले, दाबाचा स्विच किंवा कॉम्प्रेसरचा मॅग्नेट क्लच यातलं काही असेल. गॅस फारच कमी झाला तरी तो दाबाचा स्विच कॉम्प्रेसरला लागू देत नाही, हेही लक्षात ठेवा. पट्टा किंचाळत असेल तर तो सैल किंवा झिजलेला.

एक सूचना, आणि ही आपल्यासाठी जास्तच. बॉनेट उघडं असताना साडीचा पदर, ओढणी, मोकळी वेणी, लांब मंगळसूत्र, सगळं आवरून घ्या. पुढचा पंखा विजेचा असतो, तो न सांगता सुरू होतो. काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही फिरतो.

आता आमच्या दुखण्याकडे येतो. खूण शोधली ती आमच्यातल्या धाकटीनं. ती म्हणाली, "वहिनी, पुलावर गार असतं बघा. मानखुर्द आलं की जातं." आणि खरंच. खाडीपुलावर गाडी साठच्या वेगानं असली की आई स्वतःहून झरोका बाजूला फिरवायच्या, सिग्नलला उभं राहिलं की पाच मिनिटांत कोमट वारा. पुलावरून उतरलं की गॅस कमी होतो आणि चढलं की वाढतो, असं तर होत नाही!

गाडी पळते तेव्हा समोरचा वारा आपोआप कंडेन्सरमधून जातो. गाडी उभी राहिली की ते काम एकट्या पंख्याला करावं लागतं. म्हणजे "चालताना गार, थांबल्यावर गरम" याचा अर्थ आधी पंखा आणि कंडेन्सर बघा. गॅस थोडा कमी असला तरी उभ्या गाडीत ते जास्त जाणवतं, हे खरं आहे, पण तपासायचा क्रम हाच ठेवा. हे एवढं जरी तुमच्या लक्षात राहिलं तरी आमचे ४,००० रुपये सत्कारणी लागले.

आम्ही घरच्या घरी तीन गोष्टी केल्या. पहिली, तापमान मोजलं. प्रथम उत्साहानं तापाचं थर्मामीटर झरोक्याला लावलं. ते ३५ अंशांच्या खाली मोजतच नाही, त्यामुळे त्यानं काही सांगितलं नाही. मग दुधाचं तापमान बघायला आणलेलं सळईचं डिजिटल थर्मामीटर मधल्या झरोक्यात खोचलं. दारं-खिडक्या बंद, हवा आतली, ब्लोअर मध्यम, आणि दहा मिनिटं थांबलो. धडधाकट एसी आपल्या उन्हाळ्यात झरोक्याशी साधारण ६ ते १२ अंश दाखवतो. आमचा उभ्या गाडीत १९ वर अडकला होता.

दुसरी गोष्ट, वर्तमानपत्राचं एक पान गाडीच्या पुढच्या जाळीवर धरलं. एसी चालू असताना पंखा हवा आत ओढत असतो, त्यामुळे पान जाळीला चिकटून राहायला हवं. आमचं सरळ खाली पडलं. पंखा फिरत होता, पण रेंगाळत.

तिसरी गोष्ट, झारीनं पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर पाणी शिंपडलं. थोड्याच वेळात थर्मामीटर १९ वरून १३ वर आलं. आम्ही दोघी पार्किंगमध्ये उड्या मारायच्या बाकी होतो. वॉचमनकाका म्हणाले, गाडीला नवस केलाय का? पण या एका झारीनं सिद्ध झालं की आत सगळं ठीक आहे, उष्णता बाहेर पडत नाहीये. एक काळजी घ्या. पाणी झारीनं किंवा हलक्या धारेनंच, कारण कंडेन्सरच्या पातळ पापुद्र्या जोरदार फवाऱ्यानं दुमडतात आणि मग हवा कायमचीच अडते.

तिसऱ्या गॅरेजला, तुर्भ्याला, आम्ही हे सगळं सांगितलं. तिथले उस्ताद वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी आमचं पान आणि झारी ऐकून घेतली, हसले नाहीत. कंडेन्सर उघडा केला. तुर्भ्याच्या खाणीची धूळ, चिखल, मेलेले किडे आणि कांद्याची सालं! एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटसमोरून आमचा रोजचा रस्ता आहे, तिथं वाऱ्यावर सालं उडत असतात. त्या जाळीनं आमच्या पिढीजात कांद्याचा साठाच करून ठेवला होता.

मग त्यांनी घड्याळं लावली, एक निळं, एक लाल. इंजिन चालू करून बघितलं तर दोन्ही बाजूंचा दाब जास्त. दोन्हीकडे दाब कमी असेल तर गॅस कमी असण्याची शक्यता. निळ्यावर जास्त आणि लालवर कमी असेल तर कॉम्प्रेसर थकलेला. दोन्हीकडे जास्त म्हणजे उष्णता बाहेर पडत नाही किंवा गॅस गरजेपेक्षा जास्त भरलाय. आमच्याकडे दोन्ही होतं. आधीच्या दोन टॉप-अपनी गॅस जास्त झाला होता आणि त्यामुळे दुखणं वाढलंच होतं. पैसे देऊन आम्ही आजार विकत घेतला म्हणायचा.

इथं सिलेंडरचा आणखी एक धडा उपयोगी पडतो. सिलेंडर भरलेला असो की निम्मा, शेगडीवरची ज्योत सारखीच असते. आत किती उरलाय ते आपण उचलून बघतो किंवा वजन करतो. गाडीतही तसंच आहे. इंजिन बंद असताना घड्याळ जो दाब दाखवतं, तो बाहेर किती गरम आहे त्यावर ठरतो. तीस अंशांच्या हवेत साधारण ९५ ते १०० पीएसआय. आत थोडा जरी द्रव असला तरी दाब तोच. त्यामुळे पाइपला हात लावून किंवा नुसतं घड्याळ बघून "कम है" म्हणणाऱ्यावर विसंबू नका. योग्य पद्धत अशी की आहे तो गॅस यंत्रानं काढून घ्यायचा, निदान अर्धा तास व्हॅक्यूम लावायचा, म्हणजे नळ्यांतली हवा आणि ओल निघून जाते, व्हॅक्यूम टिकतो का ते बघायचं आणि मग वजनावर मोजून गॅस भरायचा. किती ग्रॅम ते बहुधा बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं असतं. छोट्या गाडीत साधारण ४०० ते ५०० ग्रॅम. एवढ्याशा मापात शंभर ग्रॅम जास्त म्हणजे भाजीत मिठाचा दुसरा चमचा.

आमचं बिल सांगतो. कंडेन्सर धुणं ६००, पंख्याची मोटर ३,५००, गॅस काढून मोजून भरणं १,५००. परत येताना मुद्दाम भर दुपारी मानखुर्दला जाऊन उभ्या राहिलो. थर्मामीटर ११.

गळती खरंच असेल तर ती कशी ओळखायची? गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं. जिथून गॅस जातो तिथं तेलाचा ओशट डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटते. नळ्यांच्या जोडांवर असा काळा ओशट डाग दिसला तर तो मेकॅनिकला दाखवा. भांडी घासायच्या साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघता येतात, पण इंजिन बंद आणि गार असताना. बरेचदा एक दहा-वीस रुपयांची ओ-रिंग बदलून काम भागतं. बारीक गळतीसाठी गॅरेजवाले नायट्रोजनचा दाब देऊन बघतात किंवा रंग घालून निळ्या दिव्यानं शोधतात. जोड उघडायचा उद्योग घरी मात्र अजिबात नको. हा गॅस द्रवरूपात अंगावर उडाला तर त्वचेला आणि डोळ्यांना हिमदंश होतो.

गॅस कुठला भरतोय हेही विचारा. आपल्या वयाच्या गाड्यांमध्ये आर-१३४ए असतो. त्याच्याआधी आर-१२ होता. त्यानं ओझोनचा थर विरत होता, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो जगभर टप्प्याटप्प्यानं बंद झाला. आर-१३४ए ओझोनला त्रास देत नाही, पण हवा तापवण्यात तो वजनाला वजन धरून कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे-चौदाशे पट भारी आहे. म्हणून २०१६ च्या किगाली करारात तोही कमी करायचं ठरलं. एका छोट्या गाडीतला सगळा गॅस हवेत गेला तर अडीचशे लिटरहून जास्त पेट्रोल जाळल्यासारखं होतं. म्हणजे दर वर्षी "थोडा टॉप-अप" करून घेणारी गाडी गप्प बसून केवढा धूर सोडते बघा. स्वस्तातले मिश्र गॅस कोणी सुचवले तर सरळ नाही म्हणा. काहींमध्ये पेट घेणारे घटक असतात आणि कूलिंग कॉइल तर आपल्या गुडघ्यांसमोरच असते.

कूलिंग कॉइलच गळत असेल, तर मात्र विचार करावा लागतो. डॅशबोर्ड उतरवावा लागतो. आम्हाला सांगितलेला आकडा बारा हजारांच्या आसपास होता, आमच्या एका शेजारणीच्या गाडीसाठी. तिनं नाही केलं, गाडी विकली. आम्ही असतो तर केलं असतं. गाडीची किंमत किती, हा हिशोब एक आणि आईंच्या तीन फेऱ्या, हा दुसरा. जिचा तिनं करावा.

बाकी सवयीच्या गोष्टी. उन्हात तापलेल्या गाडीत बसल्याबरोबर एसी लावून खिडक्या बंद करू नका. आधी दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडून एक-दोन मिनिटं गाडी चालवा, भट्टीतली हवा बाहेर जाऊ द्या. पुढच्या काचेला आतून पडदा लावा. काळ्या फिल्मच्या नादी लागू नका. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड आत आला पाहिजे असा नियम आहे, दंड होतो. घर यायच्या दोन मिनिटं आधी एसीचं बटण बंद करून नुसता ब्लोअर ठेवलात तर कॉइल वाळते आणि कुबट वास धरत नाही.

आणि एक गोष्ट, एसी कितीही सुधारला तरी. हॉस्पिटलबाहेर थांबावं लागतं तेव्हा काचा लावून, एसी चालू ठेवून झोपायचा मोह होतो. आम्हालाही व्हायचा. उभ्या गाडीचा धूर आत शिरू शकतो, जुन्या गाडीचा सायलेन्सर गळका असला तर जास्तच. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपेतून माणूस उठतच नाही. बंद पार्किंगमध्ये तर अजिबात नको. आणि मूल किंवा म्हातारं माणूस गाडीत बसवून "पाच मिनिटांत आले" म्हणून जाऊ नका. इंजिन बंद झालं तर पत्रा तापायला तेवढा वेळ लागत नाही.

पावसाळा आला की आपण एसी विसरतो. तसं करू नका. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं तरी लावा, म्हणजे कॉम्प्रेसरचं सील तेलानं ओलं राहतं आणि सुकून गळत नाही. पावसात आतून काचेवर वाफ धरते तीही त्यानंच जाते. आम्ही शनिवारी भाजी आणायला एपीएमसीला जातो, तेव्हा लावतो. थर्मामीटर आता गाडीच्या खणातच असतं. परवा दहीवाल्या पातेल्याशी ते सापडेना तेव्हा आईच म्हणाल्या, "अगं, गाडीत बघा, तिलाच ताप असतो हल्ली."